हात धुवा, डबा घ्या

"तुमचं बरं आहे हो, दिवसभर गाणी ऐकायची आणि वर पगार घ्यायचा!" हे वाक्य मला नोकरीच्या काळात माझ्या दिरांनी, दाताच्या डॉक्टरांनी आणि एकदा तर सिग्नलला पावती फाडणाऱ्या हवालदारानेही ऐकवलं आहे. खरं सांगायचं तर रेडिओवर असताना मी गाणी फारच कमी ऐकली. गाणं सुरू झालं की आम्ही हेडफोन काढून ठेवायचो आणि कामाला लागायचो. पुढे काय बोलायचं ते ठरव, आलेला फोन घे, जाहिरात नीट लागली आहे का बघ, आणि वेळ उरलाच तर शेंगदाणे खा. अख्खं गाणं ऐकण्याची चैन श्रोत्यांना होती, आम्हाला नाही.

नाशिकमध्ये गाण्यांचं पहिलं खासगी एफएम स्टेशन सुरू झालं तेव्हापासून मी तिथे होते आणि दुपारचा कार्यक्रम करायचे. स्टेशनचं नाव लिहीत नाही, कारण मालक बदलला की ते बदलायचं आणि श्रोत्यांनी त्यातलं एकही धड लक्षात ठेवलं नाही. "ते गाण्याचं स्टेशन" एवढीच आमची ओळख. कॉलेज रोडवरच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचा संसार होता. खाली कपड्यांचं दुकान, वर आम्ही, आणि मधल्या मजल्यावर एक क्लास. क्लासची मुलं जिन्यात ओरडायला लागली की आमच्या खोलीच्या जाड दारातूनही ऐकू यायचं. श्रोत्यांना वाटायचं, आम्ही गर्दीचे आवाज मुद्दाम लावतो.

माझ्यासोबत काचेपलीकडे अन्वर शेख बसायचा. जुन्या नाशकातला हा माणूस कन्सोल सांभाळायचा. म्हणजे गाणी, जाहिराती आणि माझं बोलणं एकापाठोपाठ एक हवेत सोडायचं काम त्याचं. मी वीस शब्दांत सांगायची गोष्ट साठ शब्दांत सांगायला लागले, की तो काचेपलीकडून दोन्ही हातांनी पीठ मळल्यासारखी खूण करायचा. आवरा, असा त्याचा अर्थ. आमच्या घरीही पुढे ती खूण रूढ झाली आणि माझ्यावरच सर्वांत जास्त वापरली गेली.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकते. फरमाईशीच्या कार्यक्रमात गाणी आधीच ठरलेली असायची. मुंबईच्या ऑफिसातला कॉम्प्युटर दिवसभराची यादी पाठवायचा आणि तिच्यात आम्ही ढवळाढवळ करायची नाही असा दंडक होता. मग लोकांच्या फरमाईशीचं काय? तर आम्ही गाण्याला गिऱ्हाईक शोधायचो. फोन करणारा म्हणायचा, "ताई, काहीतरी जुनं लावा." मी यादीकडे बघत म्हणायचे, "पावसाचं आवडेल का?" तो बिचारा हो म्हणायचा. त्याचं बोलणं आधी टेप करून, त्यातलं खोकणं-बिकणं कापून, थोड्या वेळाने हवेत जायचं, आणि लगेच त्याच्या आवडीचं गाणं लागायचं. लोक खूश असायचे. लग्न ठरवताना आपल्याकडे मुलींनाही पुष्कळदा असंच विचारतात, तेव्हा यात फार वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं.

बहुतेक जण असे वळायचे. लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी मात्र गाणं कोणतंही चालेल म्हणायचे, फक्त ज्याने त्या दिवशी लिलावात त्यांच्यावर चढी बोली लावली त्याच्या नावाने ते वाजलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह असायचा. एकदा त्यांनी विरहाचं गाणं असं अर्पण केलं की समोरच्या व्यापाऱ्याच्या बायकोने फोन करून चौकशी केली.

आणि अजिबात न वळलेली एकच बाई भेटली. त्या लताबाई आहेर. सिन्नरहून एसटीने सातपूरला यायच्या आणि एका कारखान्यात पॅकिंगमध्ये होत्या. यंत्राचे सुटे भाग पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचं काम. जेवणाच्या सुट्टीत गेटसमोरच्या टपरीवरून त्यांनी पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी नेहमीप्रमाणे गोड आवाजात विचारलं, "कोणतं गाणं ऐकायला आवडेल?"

"कोन्तं बी. पर रोज तीन वाजता त्येच लावा."

"रोज तेच? कंटाळा येईल की!"

"आमाला नाय येत कटाळा. तुमी लावा तर. येगळं नको, रोजचं येकच. आन बरोब्बर तीनला."

मी अन्वरकडे पाहिलं. नवीन गाणं द्या म्हणून भांडणारे श्रोते आम्हाला रोज भेटत. रोज एकच गाणं द्या म्हणणारी ही पहिलीच. तीन वाजता सातपूरमध्ये पहिली पाळी सुटते एवढं मला माहीत होतं. पण पाळी सुटायला भोंगा असतो, त्यात आमचं काय काम? त्यांनी कारण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी अन्वर म्हणाला, "ताई, देऊन टाका यार. नाहीतर ही बाई आपल्याला रिटायर करेल."

यादीतल्या गाण्याला हात लावायची सोय नव्हती, पण तासाच्या तोंडाशी स्टेशनची धून वाजवायची मुभा होती. मग आम्ही आमचीच धून केली. अन्वरचे चाचा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांना स्टेशनवर बोलावलं. काचेच्या खोलीत त्यांना गुदमरायला झालं, म्हणून जिन्यात उभं करून वाजवायला लावलं, क्लास सुटलेला बघून. नवरदेव घोड्यावरून उतरताना वाजते तशी ठसक्यातली चाल होती. तिच्यावर मी दोन वाक्यं बोलले. फार विचार केला नव्हता. शाळेतून आलेल्या पोरांना सांगतात त्या सुरात म्हटलं, "चला, तीन वाजले. हात धुवा, डबा घ्या, घरी जा." मुंबईला कळवलं की ही वेळेची सूचना आहे. त्यांनी परवानगी दिली, कारण त्यांनी ती ऐकलीच नाही.

महिने गेले. धून रोज वाजायची. लताबाई आता फोन करायच्या त्या हजेरी घेतल्यासारख्या. "काल आवाज जरा बसला व्हता तुमचा." मी सांगायचे, तो टेप केलेला आवाज आहे, तो बसत नाही. त्या म्हणायच्या, "बसला व्हता."

मग तो दिवस आला.

त्या दुपारी मी बाजूच्या खोलीत एका श्रोत्याचं बोलणं टेप करत होते आणि अन्वर त्याच्यातलं खोकणं कापत होता. तेवढ्यात मुंबईत कोणीतरी एका साडीच्या दुकानाच्या सगळ्या जाहिराती यादीतून काढून टाकल्या. आम्हाला कळवलं नाही. जाहिराती गेल्या की कॉम्प्युटर रिकामी जागा ठेवत नाही, पुढचं अलीकडे ओढून घेतो. शांतता हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा आणि तो गुन्हा टाळायला त्या यंत्राने तीनची धून उचलून चांगली पावणेतीनच्या आसपासच हवेत सोडली. "चला, तीन वाजले," असं मी अख्ख्या जिल्ह्याला सांगितलं आणि ते माझ्याच कानावर काचेपलीकडून आलं. अन्वर कन्सोलकडे धावला, पण धून सुटलेली होती.

सातपूरच्या त्या पॅकिंग सेक्शनमध्ये सगळ्या बायका एकदम उठल्या, ॲप्रन सोडले, हात धुतले, डबे घेतले आणि दारापर्यंत आल्या. तिथे मॅनेजर उभा. त्याने घड्याळ दाखवलं, सर्वांना परत बसवलं आणि सेक्शनमधला रेडिओ उचलून आपल्या कपाटात बंद केला.

संध्याकाळी लताबाईंचा फोन आला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "मॅडम, आमचा रेडू गेला वो."

मला फार लाज वाटली. चूक मुंबईची होती, पण आवाज माझा होता. दुसऱ्या दिवशी मी आणि अन्वर त्या मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिलो. रेडिओवरची बाई प्रत्यक्ष आली म्हणून तो जरा विरघळला, चहा मागवला, आपल्या मेहुणीला फोन लावून माझ्याशी बोलायला लावलं, आणि मग कपाट उघडून म्हणाला, "देतो. पण पुन्हा एकदा जरी लवकर वाजलं ना, तर हा डबा भंगारात जाईल आणि सगळ्यांत आधी दाराशी येणाऱ्या बाईला मी गेटबाहेर करीन. सगळ्या कंत्राटी आहेत, मला काही अवघड नाही."

सगळ्यांत आधी दाराशी कोण येतं हे आम्हाला विचारावं लागलं नाही. लताबाई समोरच उभ्या होत्या. मी त्यांना शब्द दिला, की लवकर कधीच वाजणार नाही.

"उशिरा वाजलं तर चालंल, मॅडम," त्या म्हणाल्या. "उशिराचं आमी निभावू. लवकर नको." अन्वरने मान डोलावली. तेव्हा ते वाक्य मी विसरून गेले. तो विसरला नव्हता.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षं सुरळीत गेली आणि मग मुंबईहून निरोप आला, की दुपारचा कार्यक्रम आता तिथूनच होणार. एकच माणूस मुंबईत बसून राज्यातल्या सगळ्या गावांना "कसं आहे तुमचं शहर?" असं विचारणार. कारण काय, तर पाहणीत दिसलं की नाशिकमध्ये दुपारी रेडिओ कोणी ऐकतच नाही. पाहणी करणारे दुपारी घरोघर जाऊन विचारायचे. माझे श्रोते त्या वेळी कारखान्यात, दुकानात, शिलाई मशीनवर, रिक्षात. घरी सापडणार कसे? मी हे खूप तावातावाने लिहून पाठवलं. उत्तर म्हणून सबनीस आले.

सबनीस म्हणजे मुंबईचे साहेब. वय माझ्या भाच्याएवढं, बोलणं मऊ, आणि ऊन लागू नये म्हणून गाडीतून उतरायचंच नाही अशी सवय. ते म्हणाले, "मॅम, मला आकडे नकोत. मला एक श्रोता दाखवा."

मी म्हणाले, "चला, तीन वाजता सातपूरला. माझ्या धुनेवर अख्खा सेक्शन उठतो."

ते हसले. "तीन वाजता भोंगाही होतो ना? मग ते तुमच्या धुनेने उठले की भोंग्याने, हे मला कसं कळणार?"

हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सबनीसांच्या मात्र लगेच डोक्यात आलं. "सोपं आहे. आज ती दहा मिनिटं आधी वाजवा. लोक उठले, तर मी मानलं. कार्यक्रम तुमचा."

मी खोटं कशाला बोलू? एक क्षण मला मोह झाला. एकदा तसं झालेलंच होतं, बायका उठल्याच होत्या, आज पुन्हा उठल्या असत्या आणि माझी खुर्ची वाचली असती. पण दाराशी सर्वांत आधी कोण असेल ते मला माहीत होतं. मी म्हणाले, "ते जमणार नाही. शब्द दिलाय."

"कोणाला?"

"पॅकिंगमधल्या बाईंना."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. अन्वर काचेपलीकडून सगळं ऐकत होता. मी निघताना तो एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही जा बिनधास्त. मैं हूँ इधर." जेवणाच्या सुट्टीत लताबाईंचा नेहमीचा फोन आला होता, तेव्हा त्यांनाही मी सांगून टाकलं होतं, की कदाचित आता आपली धून बंद होईल. त्या नुसतं "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला ते जरा लागलं होतं.

आम्ही गेटसमोर टपरीच्या सावलीत गाडी लावली. गाडीतला रेडिओ चालू होता. भोंगा झाला. आजूबाजूचे कारखाने सुटले, रस्ता मोटारसायकलींनी भरला. आमच्या गेटमधूनही पुरुष मंडळी बाहेर पडली. सबनीस म्हणाले, "हे तुमचे श्रोते?"

हे नव्हेत, असं मला म्हणता येईना, कारण रेडिओवर धून लागलीच नव्हती. गादीची जाहिरात लागली होती. ती संपली आणि पुन्हा गादीचीच लागली. अन्वरला काय झालं? यंत्र बिघडलं? फोन लावला तर तो उचलेना. तिसऱ्यांदा गादी लागली. नाशिकमध्ये त्या दिवशी गाद्या खपल्या असतील तर त्याचं श्रेय कोणीतरी आम्हाला द्यायला हवं होतं.

"मॅम," सबनीस घड्याळ बघत म्हणाले, "पॅकिंगच्या लेडीज कुठे आहेत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गेटमधून एकही बाई बाहेर आली नव्हती. पाळी सुटली होती, दुसऱ्या पाळीची माणसं आत गेली होती, आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेल्या त्या सेक्शनच्या झडपांच्या खिडक्यांतून खोकी सरकवल्याचा आवाज अजून येत होता.

आणि गादीची जाहिरात संपता संपता अन्वरच्या चाचांचं क्लॅरिनेट वाजलं. गाडीतल्या रेडिओवर आणि त्या खिडक्यांमधून, दोन्हीकडून एकदम. "चला, तीन वाजले. हात धुवा, डबा घ्या, घरी जा." आतला आवाज थांबला. नळ सुटला. थोड्या वेळाने हातात डबे घेऊन त्या बाहेर आल्या, एकीमागे एक नव्हे, सगळ्या एकदम, फाटकभर. सबनीस गाडीतून उन्हात उतरले.

लताबाईंनी मला पाहिलं आणि आधी अन्वरला शिव्या घातल्या. "लय लांबवलं मेल्यानं आज. मालकाला फुकटात खोकी भरून दिली आमी."

सबनीसांनी विचारलं, "भोंगा झाला होता ना? मग तुम्ही थांबलात कशाला?"

"भोंग्यावं उठलं की पयली कोन उठली त्ये सायेब बघतो," लताबाई म्हणाल्या. "तिला बोलवून सांगतो, येवढं खोकं भरून जा. मंग कोनी उठतच नाय, बसून ऱ्हातेत. गान्यावं समद्या येकदम उठतो. पयली कोनच नसती."

इतके दिवस रोज एकच गाणं का हवं होतं ते मला त्या दिवशी कळलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. सबनीसांनी टपरीवरचा चहा घेतला, त्यात माशी पडलेली असूनही घेतला, आणि कार्यक्रम वाचला. स्टेशनवर परत आल्यावर मी अन्वरला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "बाईच बोलली होती ना, उशिरा चालेल?"

पुढे बरीच वर्षं धून वाजली. मग मालक पुन्हा बदलले. या वेळी पाहणी झाली नाही आणि सबनीसही नव्हते. सगळ्याच वेळांचे कार्यक्रम मुंबईहून येऊ लागले. या धंद्यात निरोप घेऊ देत नाहीत, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. जाणारा माणूस हळवं बोलतो, ऐकणारे स्टेशन बदलतात, म्हणून शेवटच्या दिवशीही रोजच्यासारखंच बोलायचं आणि उठून जायचं. मी तसंच केलं. सातपूरच्या बायकांना उद्या धून वाजणार नाही हे मला सांगता आलं नाही. लताबाई त्याआधीच काम सोडून सिन्नरला लेकाकडे गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्या सेक्शनमध्ये काय झालं असेल, कोण पहिली उठली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. जाऊन बघायचं धाडस मात्र झालं नाही.

परवा मिक्सरचं भांडं दुरुस्त करायला सातपूरला गेले होते. कारागिराने थोडं थांबायला सांगितलं, म्हणून त्या गेटसमोरच्या टपरीवर जाऊन बसले. टपरी तीच, चहाही तोच. भोंगा झाला. पुरुष मंडळी बाहेर पडली. बाई एकही नाही.

मी उठून भिंतीपाशी गेले. खिडक्यांतून खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. मग आत कुठल्यातरी मोबाईलवर खरखर झाली, "...झोप लागेल अशी गादी" असं जाहिरातीचं शेपूट ऐकू आलं, आणि त्याला चिकटून क्लॅरिनेट. "चला, तीन वाजले. हात धुवा, डबा घ्या, घरी जा."

गादीच्या मागे आमची धून फक्त एकाच दिवशी लागली होती. आम्ही बाहेर गाडीत बसून मुंबईच्या साहेबाला श्रोता दाखवायला धडपडत होतो, तेव्हा आत लताबाईंनी मोबाईल रेडिओजवळ धरून धून टेप करून स्वतःची सोय करून ठेवली होती.

नळ सुटला. फाटकातून सगळ्या एकदम बाहेर आल्या, बहुतेक माझ्या मुलीपेक्षाही लहान. मी वाटेत उभी होते. त्यातल्या एकीला थांबवून विचारलं, "आत ते लागतं ना, तो आवाज कोणाचा गं?"

"काय की, मावशी," ती म्हणाली. "मशीनबरोबरच आला आसंल." आणि माझ्या खांद्याला धरून तिने मला अलगद बाजूला केलं, कारण मागून बाकीच्या येत होत्या.